मेहेरबानी करून रागवा

तोक्योत सरकत्या जिन्यावर डाव्या बाजूला उभं राहायचं आणि उजवी बाजू घाईवाल्यांसाठी मोकळी ठेवायची असते. मी उजवीकडे उभा होतो. एका हातात पिशवी, दुसरा कमरेवर, नजर छताकडे. वर पोचल्यावर सहज वळून पाहिलं तर माझ्या पाठीमागे थेट खालपर्यंत काळ्या कोटातल्या माणसांची रांग लागलेली. कोणी हाक मारली नव्हती, कोणी खाकरलं नव्हतं, कोणाची बॅग माझ्या पाठीला 'चुकून' लागली नव्हती. पुण्यात तिसऱ्या पायरीलाच आवाज आला असता, "काका, जिना नावावर करून घेतलाय का?" मग मी सरकलो असतो, सरकता सरकता त्याला दोन शब्द ऐकवले असते, त्यानेही चार ऐकवले असते आणि दोघंही हलक्या मनाने आपापल्या कामाला लागलो असतो. इथे ती सगळी फलटण मान खाली घालून माझ्या शेजारून निघून गेली. त्यातल्या एका गृहस्थाने तर जाता जाता माझीच माफी मागितली.

जपानमध्ये माझी जी काही दैना झाली तिचं मूळ या एका गोष्टीत आहे. तिथे कोणी रागवत नाही. मी रागावून घेत वाढलेला माणूस. आई रागावली, मास्तर रागावले, रेशनच्या दुकानदाराने रागावून साखर दिली, बँकेतल्या बाईंनी रागावून पासबुक भरून दिलं, आणि लग्न झाल्यावर या खात्याचा संपूर्ण कार्यभार घरातच आला. चुकलं की कोणीतरी खेकसणार आणि मग आपण सुधारणार, ही माझी ज्ञान मिळवण्याची एकमेव पद्धत. जिथे कोणी खेकसतच नाही तिथे माणसाने शिकायचं कसं? जपानी माणूस तुमची चूक पाहतो, मनातल्या मनात नोंदवतो आणि हवेबद्दल बोलू लागतो. त्यामुळे समोरच्याने हवेचा विषय काढला की मी स्वतःला चाचपून बघायला लागलो. आता काय केलं मी?

जिन्याचा नियम पाठ करून आम्ही ओसाकाला गेलो. तिथे उजवीकडे उभं राहतात. मी निष्ठेने डावीकडे उभा, मागे पुन्हा तशीच मूक फलटण. परत येताना जावयाने आणखी ज्ञान दिलं. तोक्योला लागून असलेल्या साइतामा प्रांताने ऑक्टोबर २०२१ पासून नियमच केला आहे, की सरकत्या जिन्यावर कोणी चालायचं नाही, दोन्ही बाजूंना गप उभं राहायचं. म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं, फक्त जिल्हा चुकला होता.

वास्तविक मी निघालो तेव्हा बऱ्यापैकी निर्धास्त होतो. पुण्यातलं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं. तिथल्या तळ्याकाठी रोज चालून मी निम्मा जपानी झालोच आहे असा माझा समज होता. शिवाय पुण्यात दर चार घरांमागे एका घरात कोणीतरी जपानी शिकत असतं. आमच्याकडे लेक शिकली, परीक्षेच्या पायऱ्या चढत चढत एन-टूपर्यंत गेली, आणि आता नवऱ्यासह तोक्योच्या निशी-कासाईत राहते. निशी-कासाई ही तिथली भारतीयांची वस्ती. ती एदोगावा वॉर्डात येते, आणि त्या वॉर्डाच्या सभागृहात २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ निवडून आले होते. हे कळल्यावर बायकोची काळजीच मिटली. "पुराणिक निवडून येतात म्हणजे पोहे मिळत असणार," ती म्हणाली आणि बॅगेतले पोहे काढून तिथे कुरडया भरल्या.

लेकीने मात्र आम्ही पोचल्याच्या रात्री आम्हाला समोर बसवून शिकवणी घेतली. "बाबा, रस्त्यात चालता चालता खायचं नाही. चारचौघांत नाक शिंकरायचं नाही. हॉटेलात टिप ठेवायची नाही, ते पैसे द्यायला मागे धावत येतात. गरम नॅपकिन देतात तो हात पुसायला, तोंड पुसायला नाही. आणि मान पुसायला तर नाहीच नाही."

"नूडल्स खाताना आवाज?"

"तो करायचा."

"चहा पिताना मी आवाज केला की तुझी आई..."

"आई जपानी नाही," लेक म्हणाली. बायकोने हवेचा विषय काढला नाही. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. परक्या मुलखात तेवढाच आधार.

या शिकवणीतला एक धडा मी ऑप्शनला टाकला होता, तो चपलांचा. पादत्राणं बाहेर काढून घरात येणं ही आमच्याकडची जुनी रीत. चपला घालून माजघरात येणाऱ्याला आजीने उंबऱ्यावरूनच परत पाठवलं असतं. म्हटलं, यात मला काय शिकवणार? आणि तिथेच नापास झालो.

जावयाच्या ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आम्हाला घरी जेवायला बोलावलं. जपानी माणूस सहसा कोणाला घरी बोलावत नाही, त्यामुळे हा मोठाच मान. दारातच त्यांनी आपलं कार्ड दोन्ही हातांत धरून वाकून मला दिलं. मी ते एका हाताने घेतलं, 'थँक्यू' म्हटलं, पँटच्या मागच्या खिशात सारलं आणि पुढे दोन तास त्यावर बसलो. ते कार्ड दोन्ही हातांनी घ्यायचं, वाचायचं, जरा कौतुकाने पाहायचं आणि बसल्यावर समोर मांडून ठेवायचं असतं. यजमानांची नजर कार्डाबरोबर माझ्या खिशापर्यंत गेली आणि तिथून खिडकीकडे वळली. "आज हवा छान आहे," ते म्हणाले.

दारातून आत गेल्यावर एक खोलगट जागा असते, गेन्कान. बूट तिथे काढायचे, पण मोज्यांचा पाय त्या खोलगट फरशीला लावायचा नाही. एका पायावर तोल सांभाळत थेट वरच्या लाकडी पायरीवर जायचं, मग वळून, यजमानांकडे पूर्ण पाठ न करता, बुटांची तोंडं दाराकडे करून ठेवायची. माझ्या वयाच्या माणसाने हे करायचं म्हणजे आधी योगासनांचा वर्ग लावला पाहिजे. वर घरातल्या सपाता तयार असतात. त्या घालून चालायचं, पण तातामीची खोली आली की त्याही काढायच्या, कारण त्या चटयांवर फक्त मोजे चालतात. संडासाच्या दारात आणखी एक जोड असतो, तो तिथल्यापुरताच. म्हणजे बाहेरचे बूट, घरातल्या सपाता, संडासातल्या सपाता आणि मोजे अशी एका माणसाची चार दप्तरं. यातला कुठला कागद कुठल्या दप्तरात जायचा हे मी विसरणार हे उघड होतं.

मी संडासात गेलो आणि तिथल्याच सपाता घालून परत आलो. त्यांचा रंग गडद निळा होता आणि दोन्ही पायांवर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत 'टॉयलेट' असं छापलेलं होतं, म्हणजे वाचता येत नव्हतं अशीही सबब नाही. त्या घालून मी तातामीवरून ऐटीत चालत गेलो आणि जागेवर बसलो. खोलीत एकदम शांतता पसरली. यजमानांनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि अतिशय आस्थेने विचारलं, "पुण्यात पाऊस कसा असतो?"

मी पुण्याच्या पावसावर बराच वेळ बोललो. जूनमध्ये हुलकावणी कशी देतो, खडकवासल्याचं पाणी कधी सोडतात, पुलावर माणसं बघायला कशी जमतात. यजमान माना डोलवत होते. लेक टेबलाखालून मला लाथ मारायचा प्रयत्न करत होती आणि ती लाथ जावयाला बसत होती.

एवढ्यावर भागलं असतं. पण जेवणाला भोपळ्याचा तेम्पुरा होता, म्हणजे आपली भोपळ्याची भजीच, आणि भजी दिसली की आमच्या हिच्यातली यजमानीण जागी होते, मग घर कोणाचंही असो. यजमानीणबाई स्वतः काही घेत नाहीत असं पाहून हिने आपल्या काड्यांत एक भजं धरलं, कसरत करत टेबलापलीकडे नेलं आणि "घ्या हो, एकच" म्हणत त्यांच्या काड्यांसमोर धरलं. त्या बाईंचा हात हवेत थबकला. मग त्यांनी चपळाईने आपली बशी पुढे केली आणि भजं बशीत पाडून घेतलं. दरम्यान, हे कौतुक बघत नमस्कारासाठी हात मोकळे करावेत म्हणून मी माझ्या काड्या भाताच्या वाडग्यात उभ्या खोचून ठेवल्या.

काड्यांतून काड्यांत वस्तू देतात ती दहनानंतर नातलग अस्थी उचलतात तेव्हा. आणि भातात उभ्या काड्या खोचून ठेवतात तो भात मृतासाठी वाढलेला असतो. म्हणजे एका जेवणात आम्ही नवराबायकोने मिळून यजमानांचे अंत्यसंस्कार आणि पिंडदान दोन्ही उरकून दिलं. यजमान म्हणाले, "तुम्ही दोघं काड्या किती सुरेख वापरता!"

निरोप घेतानाही निभाव लागेना. आम्ही वाकलो, ते जरा जास्त वाकले. मग आम्हाला पुन्हा वाकणं भाग पडलं. तिथे सलामी देण्यासाठी पंधरा अंश, आदरासाठी तीस आणि अतिआदर किंवा क्षमायाचनेसाठी पंचेचाळीस अंश असं वाकण्याचं कोष्टक आहे. माझी कंबर वीस अंशांवर अडकते, त्यामुळे मी नेमकं काय म्हणतोय हे त्यांना कळलं नसावं. आपल्याकडे "बरंय, येतो" म्हटल्यावर दारात अर्धा तास जातो हे खरं, पण त्या अर्ध्या तासात गप्पा तरी होतात, कोणाचं लग्न तरी जुळतं. इथे आम्ही रस्त्याच्या वळणापर्यंत दर दहा पावलांनी वळून वाकत होतो आणि ते दोघं दारात उभे राहून उलट वाकत होते. माझे बूट कोणीतरी केव्हाच दाराकडे तोंड करून ठेवले होते, हे मला त्या वेळी ध्यानातही आलं नाही.

परतीच्या गाडीत लेक माझ्या शेजारीच बसली होती, पण गाडीत मोठ्याने बोलायचं नाही आणि फोनवर तर अजिबातच बोलायचं नाही. तेव्हा तिने मोबाईलवर टाइप केलं. मांडीला मांडी लावून बसलेल्या मुलीचा निरोप मोबाईलच्या टॉवरवरून जाऊन माझ्या खिशात वाजला. 'बाबा, तुम्ही संडासातल्या सपाता घालून तातामीवर बसला होतात.' मी टाइप केलं, 'मग सांगायचंस ना.' ती म्हणाली, म्हणजे तिने टाइप केलं, 'मी लाथ मारत होते.' पलीकडून जावयाचा निरोप आला, 'मला बसल्या.' हे कौटुंबिक भांडण आम्ही तोंडातून शब्दही न काढता निशी-कासाईपर्यंत नेलं. नेमका त्याच वेळी बायकोला पुण्याहून तिच्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला आणि तिने तो घेतला. बहीण डोंबाऱ्याच्या ढोलासारखी बोलते. आख्ख्या डब्याला तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची हकीकत कळली. तरीही कोणी वळून पाहिलं नाही. समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी फक्त डोळे मिटून घेतले. आपल्या लोकलमध्ये निदान कोणीतरी विचारलं असतं, "मग आता बरं आहे का त्यांना?"

या देशात माफी मागण्याचा मक्ता दुसऱ्या पक्षाकडे असतो, हे मला पुढे एका मोठ्या दुकानातल्या स्वच्छतागृहात नीटच कळलं. तिथल्या भांड्याला बटणांची फळी असते. तोतो कंपनीने १९८० साली पाण्याची धार मारणारं आसन बाजारात आणलं आणि तेव्हापासून या विषयात जपान्यांनी मागे वळून पाहिलेलं नाही. किंवा उलट, मागे वळून पाहण्याची गरजच ठेवलेली नाही. १९८८ पासून तर आतले आवाज झाकण्यासाठी पाण्याच्या खळखळाटाचा खोटा आवाज काढणारं यंत्रही आहे, कारण बायका त्या संकोचापायी उगाच पुन्हा पुन्हा पाणी सोडत आणि फार पाणी वाया जाई. वाड्यातल्या सामाईक संडासात आम्ही यासाठी खाकरत असू. कडी मोडकी असेल तर पद म्हणत असू. तर मी त्या फळीवरचं, पाणी सोडण्याचं असावं असं वाटणारं बटण दाबलं. ते मदत बोलावण्याचं होतं. बाहेर घंटा वाजली, पावलं धावत आली, दारावर टकटक झाली. मी आतून मराठीत ओरडलो, "काही नाही, काही नाही!" दार उघडलं तेव्हा गणवेशातली दोन माणसं पंचेचाळीस अंशांत वाकलेली. मला बटण समजलं नाही याबद्दल ती माझी क्षमा मागत होती.

पण मी कोण? २०१७ च्या नोव्हेंबरात त्सुकुबा एक्सप्रेस ही गाडी एका स्थानकातून वीस सेकंद आधी सुटली म्हणून रेल्वे कंपनीने जाहीर दिलगिरी व्यक्त केली होती. गाडी उशिरा आली तर ऑफिसात दाखवायला छापील दाखला मिळतो. आपल्याकडे ही सोय केली तर दाखले छापायला स्वतंत्र छापखाना लागेल आणि तोही वेळेवर चालू होणार नाही.

आम्ही शाकाहारी आहोत, ही आणखी एक भर. तिथल्या बहुतेक सूपचा पाया सुकवलेल्या माशाच्या पाण्याचा असतो. एका लहानशा खानावळीत बायकोने लेकीमार्फत विचारलं, "यात मासा नाही ना?" वाढणारी मुलगी आत गेली. मग व्यवस्थापक आला, आत गेला. मग आचारी पांढरी टोपी काढून बाहेर आला. तिघांची दबक्या आवाजात बैठक झाली. बैठकीअंती आचाऱ्याने पडेल चेहऱ्याने सांगितलं, की मासा दिसत नाही, पण आहे. त्याचा तो चेहरा पाहून बायकोच विरघळली. "जाऊ द्या हो, वाईट वाटून घेऊ नका," म्हणत ती त्याचंच सांत्वन करू लागली. आम्ही नुसता भात आणि लोणचं खाऊन, तृप्त झाल्याचा अभिनय करत, तीन वेळा वाकून बाहेर पडलो.

गरम झऱ्याच्या सार्वजनिक हौदाबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण हा लेख घरी वाचला जाणार आहे. एवढंच सांगतो की तिथे आधी साबण लावून स्वच्छ आंघोळ करायची आणि मग आंघोळीला जायचं. अंगावर काही घालायचं नाही. हातभर रुमाल मिळतो, पण तो पाण्यात बुडवायचा नसतो, तेव्हा तो डोक्यावर ठेवतात. तो डोक्याऐवजी दुसरीकडे जास्त गरजेचा आहे असं माझं मत होतं, पण ते ऐकायला कोणी थांबलं नाही.

खरी कसोटी लागली ती कचऱ्यात. २० मार्च १९९५ रोजी तोक्योच्या भुयारी रेल्वेत सारीन वायूचा हल्ला झाला. त्यानंतर स्थानकांवरच्या कचरापेट्या काढल्या गेल्या, आणि रस्त्यावरही पेटी शोधून सापडत नाही. आपला कचरा आपण घरी न्यायचा. मी सकाळी उएनोच्या बागेत केळं खाल्लं आणि साल कोटाच्या खिशात ठेवली. दुपारी त्याच खिशात मोबाईल ठेवला. संध्याकाळी मोबाईलला जो वास येत होता तो पुढे आठवडाभर टिकला. शिकोकू बेटावर कामिकात्सू नावाचं गाव आहे, तिथे लोक कचऱ्याचे चाळीसहून जास्त प्रकार करतात. लेकीकडे इतके नव्हते, पण जळणारा, न जळणारा, प्लास्टिक, बाटल्या, डबे, कागद, प्रत्येकाचा वार वेगळा. फ्रिजवर पंचांगासारखा तक्ता. बायको रोज सकाळी तो बघून सांगायची, "आज न जळणाऱ्यांचा वार. तुम्ही चला."

एके दिवशी लेक-जावई कामावर गेल्यावर मी उत्साहाने पिशवी भरून खाली ठेवून आलो. तासाभराने बघतो तर बाकी सगळ्यांच्या पिशव्या गेलेल्या आणि माझी एकटी बसलेली. तिच्यावर कागद चिकटवलेला होता. त्यावर टोपी घातलेला एक चितारलेला माणूस हात जोडून वाकला होता आणि खाली चार ओळी. फोटो काढून लेकीला पाठवला. तिचं उत्तर आलं, 'हा कचरा नियमाप्रमाणे वेगळा केलेला नाही म्हणून नेता आला नाही, कृपया पुन्हा वेगळा करा, असं लिहिलंय. बाबा, काय भरलंत?'

चहाचा चोथा आणि पाण्याच्या बाटल्या एकत्र भरल्या होत्या. पण ते राहू दे. माझा आनंद गगनात मावेना. शेवटी कोणीतरी रागावलं! जोडलेले हात, वाकलेली कंबर, 'कृपया', आणि आत ठाम नकार. ही तर अस्सल पुणेरी पाटी. वाडा सोडला त्यानंतर मला इतकं घरच्यासारखं कुठेच वाटलं नव्हतं. मी तो कागद कडा न फाटू देता काढला आणि पाकिटात जपून ठेवला.

मग तिथेच उकिडवा बसून निवडानिवड करू लागलो. शेजारच्या घरातल्या आजी झाडू घेऊन बाहेर आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि हवेबद्दल काही बोलल्या. मी सावध झालो. पण त्या शेजारी येऊन बसल्या, एक बाटली उचलली, तिचं बूच फिरवून काढलं, ते एकीकडे ठेवलं. बाटलीच्या प्लास्टिकच्या वेष्टणावर टिपांसारखी बारीक भोकांची ओळ असते, ती मला आजवर दिसलीच नव्हती. आजींनी तिथे नख लावून ते वेष्टण सर्रकन सोललं, बाटली नळाखाली विसळली, खाली ठेवली आणि पायाने एकदाच दाबून चपटी केली. मग दुसरी बाटली माझ्या हातात दिली. मी नख लावलं, वेष्टण फाटलं. त्यांनी तिसरी दिली. एवढ्या बाटल्या होईपर्यंत आमच्यात एक शब्द झाला नाही. मी वाकलो, त्या वाकल्या, मी वाकलो. हे आटोपून मी वर गेलो आणि बायकोला सगळं सांगितलं. इथून पुढचं प्रकरण अजून मिटलेलं नाही.

बायकोने कोपऱ्यावरच्या भारतीय दुकानातून बेसन आणलं, लाडू वळले आणि स्टीलच्या डब्यात चार लाडू घातले. लेक ओरडली, "आई, चार नको! इथे चार म्हणजे मरण समजतात." हिने पाचवा घातला. आजींनी डबा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाजवळ नेला आणि न उघडताच बाजूला ठेवला. भेट देणाऱ्यासमोर उघडायची नाही ही तिथली रीत, आणि दिलेला लाडू समोर खाल्ल्याशिवाय आमची बायको हलत नाही ही आमची. दोघी दारात हसत उभ्या राहिल्या. शेवटी लेकीने आईला ओढत आणलं.

दुसऱ्या दिवशी डबा परत आला. घासून चकचकीत केलेला, सुरेख निळ्या कापडाच्या गाठोड्यात, आणि आत तांदळाच्या कुरकुरीत वड्या, एकेक वडी स्वतंत्र कागदात. लेकीने सांगितलं, भेट मिळाली की साधारण निम्म्या किमतीची परतभेट द्यायची असते. बायकोला गहिवरून आलं. "रिकामा डबा परत करू नये हे यांनाही ठाऊक आहे," ती म्हणाली. "पण कापड त्यांचं आहे, ते परत करायला हवं." आणि कापड तरी रिकामं कसं परत करणार? त्यात चिवडा गेला. आजींकडून हिरव्या चहाची डबी आली. डबीला उत्तर म्हणून कुरडया गेल्या. कुरडया तळायच्या कशा हे चित्र काढून समजावलं. दुसऱ्या दिवशी कुरडयांच्या बदल्यात सोललेली पर्सिमनची फळं आली.

गणिती माणसाला हा प्रश्न सोपा वाटेल. दर वेळी भेट निम्मी झाली तर ती केव्हातरी शून्याजवळ पोचायला हवी. पण हा हिशेब एकाच बाजूने चालतो. जपानी आजी निम्मं पाठवतात, आणि कोणी काही दिलं तर त्याच्या दुप्पट द्यावं असं आमच्या सासूबाईंनी बायकोला सांगून ठेवलेलं. निम्मं आणि दुप्पट यांचा गुणाकार एक येतो, हा आकडा कधी संपत नाही. मी हे बायकोला कागदावर मांडून दाखवलं. तिने तो कागद लाडवांच्या डब्यात तळाला घातला, तूप शोषायला.

निघायच्या दिवशी आजी पहाटे पुठ्ठ्याची सुबक पेटी घेऊन आल्या. आम्ही टॅक्सीत बसलो होतो, बायकोच्या हातात परत द्यायला काहीही नव्हतं. तिने आयत्या वेळी केसातला गजरा काढून दिला. जावयाने कळवलं की आजींनी तो पाण्यात ठेवला आणि फुलं सुकल्यावर पोस्टाने आमच्या नावाने काहीतरी पाठवलं. ते 'काहीतरी' मागच्या आठवड्यात पुण्याला पोचलं. नक्षीदार पेटी, आत भाताची खीर खायच्या वाडग्यासारखे पाच वाडगे, कापड पुन्हा निळंच.

तेव्हा वाचकांना विनंती अशी, की येत्या महिन्याभरात तोक्योला जाणारं कोणी आपल्या माहितीत असेल तर कृपया कळवावं. सामान फार नाही, दोन किलो भाकरवडी, एक निळं कापड आणि स्टीलचा डबा एवढंच. निशी-कासाई स्टेशनवर जावई घ्यायला येईल. आजींनी काही दिलं तर ते घेऊ नये. डबा त्यांनाच ठेवून घ्यायला सांगावा, आणि एवढं करूनही तो परत आलाच तर आधी उघडून पाहावं आणि रिकामा असेल तरच आमच्या घरी पोचवावा.